आधी बशी उलटी करा

कलामेळ्यात जुन्या फ्रेंच सिरॅमिक्सचा स्टॉल लावला की पहिल्या तासाभरात एक प्रश्न हमखास येतो: ‘सेव्र आहे का?’ सेव्र म्हणजे फ्रान्सच्या राजाच्या मालकीचा पोर्सेलिनचा कारखाना. विचारणारा थोडाफार वाचलेला असेल तर बशी उलटी करून एकमेकांत गुंतलेले निळे दोन ‘एल’ शोधतो. सापडले की चेहरा खुलतो, नाही सापडले की स्वारी पुढच्या स्टॉलवर. आता गंमत अशी, की फ्रेंच सिरॅमिक्समध्ये सगळ्यात जास्त नक्कल झालेली गोष्ट कुठली असेल तर ती हीच खूण. बशी उलटी करायचीच, पण खुणेसाठी नाही, मातीसाठी. स्टॉलवर काय आणायचं, कसं मांडायचं, दिवा कुठे मारायचा, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरवलं तर बरीच डोकेदुखी वाचते.

आपल्याकडचे मेळे मुख्यतः चित्रांचे. महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३पासून नोव्हेंबरात भरणारा आर्ट मुंबई घ्या, किंवा दुसरा कुठलाही. स्टॉलची मापं, दिव्यांचे ट्रॅक, सगळा हिशेब भिंतीचा. सुतारसुद्धा पहिल्यांदा ‘फ्रेम किती?’ एवढंच विचारतो. सिरॅमिक्सवाल्याला भिंत दुय्यम आणि जमीन महत्त्वाची. जमिनीकडे नंतर येऊ, आधी मातीचं बघू.

मराठीत आपण सगळ्यालाच चिनीमाती म्हणून मोकळे होतो. पण फ्रान्समधल्या रूआन शहराची १७२०च्या सुमाराची बशी चिनीमाती नव्हेच. ती फायान्स: आत साधी पिवळसर किंवा तांबूस भाजलेली माती, वर कथलाच्या ऑक्साइडने दुधासारखी पांढरी झालेली झिलई. मोबाइलचा टॉर्च मागे धरला तर उजेड आरपार येत नाही. काठाचा टवका उडालेला असतो तिथे आतली माती उघडी पडते, आणि असा एकही टवका नसलेली जुनी फायान्सची बशी दिसली तर खूश होण्याआधी जरा थांबावं. झिलई आणि माती थंड होताना सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, त्यामुळे काठावर झिलई सुटते. तिथले बारीक खवले हे वयाचं लक्षण आहे. त्यावरून किंमत पाडणारा ग्राहक भेटला तर त्याला हे शांतपणे सांगावं. लांब तडा किंवा नव्याने रंगवलेला काठ ही मात्र वेगळी बाब, ती लेबलवर लिहायची.

हे तंत्र सोळाव्या शतकात इटालियन कारागिरांबरोबर फ्रान्समध्ये आलं आणि नेव्हेरला रुजलं. पुढे रूआन, १६७९मध्ये मूस्तिएत क्लेरिसी घराणं, १७२१मध्ये स्ट्रासबूर्गला हॅनाँग. फायान्सचे दिवस खरे पालटले ते चौदाव्या लुईच्या लढायांमुळे. खजिना रिकामा झाला म्हणून १६८९मध्ये आणि पुन्हा १७०९मध्ये चांदीची भांडी टाकसाळीत वितळायला गेली, आणि सरदारांच्या जेवणाच्या मेजावर चांदीच्या जागी फायान्स आली. म्हणून रूआनच्या कितीतरी भांड्यांचे घाट चांदीच्या भांड्यांचे असतात. बशीच्या काठावरून मध्याकडे झुकणारी जी निळी झालर दिसते, तिला फ्रेंचमध्ये लांब्रकँ म्हणतात. मुंबईकराला ‘तोरण’ एवढं सांगितलं तरी पुरतं, कारण मूळ कल्पना तीच आहे: वरून लोंबणारी कापडी झालर.

अशी एक बशी भिंगाखाली धरायची. निळ्या रेघेची सुरुवात गडद, शेवट फिकट, आणि दोन्ही कडा झिलईत विरलेल्या दिसतात. कारण हा रंग न भाजलेल्या झिलईवर चढवलेला आहे. वाळलेली कच्ची झिलई म्हणजे भुकटीचा थर, टीपकागदासारखा ओलावा ओढून घेणारा. ब्रश टेकला की रंग गेला आत. चूक पुसायची सोय नाही. मग रंग आणि झिलई एकदमच मोठ्या भट्टीत जातात. त्या आचेला टिकणारे रंग मोजके: कोबाल्टचा निळा, मँगनीजचा जांभळा, अँटिमनीचा पिवळा, तांब्याचा हिरवा आणि हट्टी असा लोहाचा लाल. गुलाबी रंग यात नाही. तो सोन्यापासून निघतो आणि मोठ्या भट्टीत जळून जातो. १७५०च्या आसपास स्ट्रासबूर्गला आधी झिलई भाजून घेऊन वर मिन्यासारखे रंग द्यायची आणि कमी आचेवर पुन्हा भाजायची पद्धत आली, तेव्हा कुठे फ्रेंच फायान्सवर गुलाबी गुलाब फुलले. तेव्हा ‘रूआन, १७२०’ असं लेबल आणि बशीवर गुलाबी फुलं, असा जोड दिसला तर लेबल चुकलेलं आहे. चोरबाजारात असो की पॅरिसमध्ये, हा नियम सारखाच.

खरी मेख आहे पोर्सेलिनमध्ये, म्हणजे खऱ्या चिनीमातीत. चीनसारखं कडक पोर्सेलिन करायला केओलिन ही पांढरी माती लागते. जर्मनीत माइसनला ते १७१०पासून होत होतं. फ्रान्सला मात्र लिमोजजवळ सँ-इरिए-ला-पेर्शला केओलिन सापडेपर्यंत १७६८ साल उजाडलं. तोवर सँ-क्लू, शांतिई, मेनसी, व्हँसेन या सगळ्या फ्रेंच कारखान्यांनी केओलिनवाचून जी वाट काढली, तिला मऊ लगदा म्हणतात. व्हँसेनच्या कृतीत वाळू, सोरा, मीठ, तुरटी, सोडा आणि जिप्सम एकत्र वितळवून त्याची काच करायची, ती कुटायची, तिच्यात खडू आणि चुनखडीची माती मिसळायची. या मिश्रणाला मातीचा चिवटपणा नाही. आकार धरत नाही, भट्टीत ढेपाळतं, आणि कितीतरी माल वाया जातो. व्हँसेनचा हा कारखाना १७४०चा. १७५६मध्ये तो सेव्रला हलला आणि १७५९मध्ये पंधराव्या लुईने विकत घेतला. राजाच्या तिजोरीचा आधार नसता तर इतकं वाया घालवणं कुणाला परवडलं असतं, हा साधा हिशेब आहे.

मऊ की कडक, हे ओळखायला चार गोष्टी बघाव्यात. मऊ लगद्यावरची झिलई शिशाची, म्हणून मऊ. जेवणाच्या बशीवर सुरीचे बारीक ओरखडे दिसतात. रंग तिच्यात बुडालेले असतात, बोट फिरवलं तर कडा लागत नाही. कडक पोर्सेलिनवर तेच रंग पृष्ठभागावर बसलेले राहतात आणि तिरक्या उजेडात त्यांची उंची कळते. टॉर्च मागे धरला तर मऊ लगद्यातून उबदार, पिवळट उजेड येतो, कधी त्यात चंद्रासारखे फिकट ठिपके दिसतात. कडक पोर्सेलिनमधून थंड, राखाडी-पांढरा. चौथी गोष्ट तळाची. व्हँसेन-सेव्रच्या अठराव्या शतकातल्या बशांच्या तळकड्याला बऱ्याचदा एक बारीक भोक असतं, भट्टीत टांगण्यासाठी पाडलेलं. यातली कुठलीही एक खूण एकटी निर्णायक नाही. चारही एकाच बाजूने बोलायला लागल्या की मग बोलावं.

शांतिईचा अपवाद लक्षात ठेवावा. १७३०च्या आसपासच्या तिथल्या भांड्यांवर मऊ लगद्याचा पिवळटपणा झाकायला कथलाची पांढरी झिलई दिलेली असते, त्यामुळे टॉर्चचा उजेड अपेक्षेपेक्षा कमी येतो आणि माणूस फायान्स म्हणून बसतो. नक्षी काकिएमोन या जपानी पोर्सेलिनवरून उचललेली: भरपूर कोरी जागा, एका बाजूला झुकलेली फांदी, एखादा लहानसा पक्षी. ज्यांनी काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली चिनी-जपानी पोर्सेलिनची दालनं नीट पाहिली आहेत, त्यांना हे उसनेपण चटकन कळतं. अशा प्रेक्षकाशी बोलताना मजा येते.

आता त्या दोन ‘एल’कडे. सेव्रच्या खुणेत दोन ‘एल’च्या मध्ये सालाचं अक्षर असतं: ‘ए’ म्हणजे १७५३, तिथून ‘डब्ल्यू’ वगळून ‘झेड’ म्हणजे १७७७, मग ‘एए’ म्हणजे १७७८. शेजारी चित्रकाराची खूण. खोटी खूण काढणाऱ्याला हे तक्ते पाठ होते, पण बाकीच्या गोष्टी जुळवून घ्यायला तो विसरायचा. अक्षर १७५७चं आणि लगदा कडक, असं असेल तर गोष्ट तिथेच संपली, कारण कडक पोर्सेलिन सेव्रला १७६८नंतरचं. पॅरिसच्या सॅमसन कारखान्याने १८४५पासून जगभरच्या जुन्या सिरॅमिक्सच्या नकला केल्या; सेव्रच्या मऊ लगद्याच्या नकलासुद्धा बहुतेक कडक पोर्सेलिनमध्येच. कारागिरी उत्तम, आणि ‘सॅमसन’ म्हणूनच विकली तर त्या मालाला आज स्वतःचे शौकीन आहेत. लपवून विकण्यात काही हशील नाही.

सगळ्यात फसवा प्रकार मात्र अस्सल मातीचा आणि खोट्या रंगाचा. १८००मध्ये अलेक्सांद्र ब्राँन्यार सेव्रचा संचालक झाला. त्याने मऊ लगदा बंद केला आणि गोदामात पडलेला कोरा जुना माल विकून टाकला. तो माल घेऊन बाहेरच्या रंगाऱ्यांनी त्यावर पंधराव्या लुईच्या काळातला थाट चढवला: आकाशी निळी पार्श्वभूमी, मध्ये फुलं किंवा प्रेमी युगुल, भरपूर सोनं. काहींनी मुळातच साधी फुलं असलेल्या बशा खरवडून नव्याने रंगवल्या. लगदा खरा, खूणही कधी खरी, नक्षी मात्र पन्नास-साठ वर्षांनी नंतरची. पकडायचं कसं? जुनी झिलई पुन्हा भट्टीत गेली की तिच्यावर काळे बारीक ठिपके उठतात, मोहरी फोडणीत तडतडून उडावी तसे विखुरलेले. तिरक्या उजेडात खरवडलेल्या फुलांच्या सावल्या दिसतात. सुरीचे ओरखडे रंगाच्या खाली जातात. ते रंगावरून गेलेले हवेत. आणि हिरवा रंग. क्रोमियम हे मूलद्रव्य वोक्लँ या रसायनशास्त्रज्ञाला १७९७मध्ये सापडलं, त्याचा हिरवा पोर्सेलिनवर आला तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधीचा हिरवा तांब्याचा, थोडा निळसर, पारदर्शक. १७६०च्या खुणेवर घट्ट, सपाट, पानासारखा हिरवा दिसला तर रंगात कुठली मूलद्रव्यं आहेत ते सांगणारी एक्स-रे फ्लुअरेसन्सची तपासणी करून घ्यावी. क्रोम निघालं की वाद मिटला. सोन्याचंही तसंच: अठराव्या शतकात सोनं मधात घोटून लावत, थर जाड आणि मऊ चमकेचा, त्यावर अवजाराने कोरीवकाम केलेलं असतं. आरशासारखं चकाकणारं पातळ सोनं बहुधा नंतरचं.

एवढं सगळं मेळ्यात येणाऱ्याला भाषण देऊन सांगता येत नाही, ते दिसायला हवं. म्हणून पस्तीस उंची वस्तूंपेक्षा पंचवीस वस्तू आणि पाच पुरावे न्यावेत. पुरावे म्हणजे काय? फायान्सचा एक फुटका तुकडा, ज्याच्या मोडीत माती आणि झिलईचा थर दोन्ही दिसतात; तो लोकांच्या हातात द्यायचा. एक मऊ लगद्याचा आणि एक कडक पोर्सेलिनचा कप शेजारी, दोन्हीच्या मागे छोटा एलईडी, बटण दाबलं की पेटणारा. एक सॅमसन, तसं लेबल लावून. पुन्हा रंगवलेली एक बशी, खाली भिंग. आणि एक बशी आरशावर, तळ दिसेल अशी, साधारण दहा सेंटीमीटर उंच ॲक्रेलिकच्या पायांवर. विकायला आणलेल्या उंची मालापेक्षा या कोपऱ्यात गर्दी जास्त होते, आणि गंभीर गिऱ्हाईक तिथूनच तयार होतं. काही गॅलऱ्यांना फुटका तुकडा मांडणं कमीपणाचं वाटतं. ते चूक आहे.

एकोणिसाव्या शतकातलं एक तरी मोठं नाव असावं. आमचं मत विचाराल तर फ्रेंच कुंभार थिओडोर डेक. त्याचा टर्कॉइज निळा तांबं घातलेल्या अल्कली झिलईचा, खोल, आणि बहुतेक वेळा बारीक जाळीच्या तड्यांचा. तडे दोष नाहीत, त्या झिलईचा स्वभाव आहे. पश्चिम आशियातल्या, विशेषतः तुर्कस्तानातल्या इझनिकच्या मालावरून तो तिथवर पोचला आणि १८८७पासून १८९१मध्ये वारेपर्यंत सेव्रचा संचालक होता. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या आर्ट स्कूलमध्ये घडलेली भांडी आहेत. ती पाहून आलेला माणूस डेकसमोर थांबतोच. टिपू सुलतानाचे वकील १७८८मध्ये सोळाव्या लुईच्या दरबारात गेले तेव्हा त्यांना सेव्रच्या वस्तू भेट मिळाल्या होत्या, हेही लेबलवर एका ओळीत सांगावं. त्याहून जास्त नको, नाहीतर लोक बशी सोडून टिपूबद्दलच बोलत बसतात.

आता जमीन. मैदानावर उभारलेल्या तंबूत खाली पाइपांचा सांगाडा आणि वर प्लायचे पत्रे असतात. माणूस चालला की ती हलते, आणि तो हेलकावा पेडेस्टलवर वरच्या टोकाला दुप्पट-तिप्पट जाणवतो. स्टॉल ताब्यात आल्यावर पहिलं काम: रिकाम्या पेडेस्टलवर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवायचा आणि दोघांनी शेजारून जोरात चालायचं. पाणी सांडलं तर जागा बदला, किंवा पेडेस्टल खालच्या लोखंडी पाइपाच्या रेषेवर आणा. पेडेस्टलचा तळ निदान ४० बाय ४० सेंटीमीटर, उंची ९५ ते १०५, आणि पोकळीत १५ ते २० किलो वाळूची गोणी. चारही कोपऱ्यांत पाचरी मारून लेव्हल बघायची. लेव्हल रोज सकाळी पुन्हा बघायची, कारण गर्दीने जमीन बसते.

दुसरं संकट शेजाऱ्याच्या स्टॉलचं. मधली भिंत सामाईक असते. तुमची फायान्स भिंतीवर टांगून झाली आणि पलीकडे रात्री अकराला कुणी खिळा ठोकायला लागला की काय होतं, ते सांगायला नको. भिंतीवरच्या बशा सगळ्यात शेवटी लावायच्या, दोन्ही शेजाऱ्यांचं ठोकाठोकीचं काम संपल्याची खात्री करून. आणि बशी टांगायला स्प्रिंगच्या तारेचे ते स्वस्त हँगर कधीच नकोत. तार ताणलेली राहते, काठावर दोन-तीन बिंदूंवर सतत दाब देते, आणि फायान्सची झिलई तिथेच सुटते. चार आकड्यांची पितळी पकड घ्यावी, प्रत्येक आकड्यावर मऊ प्लास्टिकची नळी चढवावी, बशी तिच्यात सैल बसली पाहिजे. हलवून पाहिली तर एक-दोन मिलिमीटर हलायला हवी.

पेडेस्टलवरच्या वस्तूंना म्युझियम वॅक्स, म्हणजे वस्तू जागेवर धरून ठेवणारं मेण, लावतात. वाटाण्याएवढ्या तीन-चार गोळ्या तळकड्याला लावून वस्तू हलकेच फिरवत बसवायची. काढतानाही फिरवतच काढायची, वर ओढायची नाही. बाजारात मिळणारी पारदर्शक जेल सोपी वाटते, पण एसी बंद पडला आणि वरून दिव्याची धग लागली की ती ओघळते आणि फुलदाणी सरकते. त्याहून वाईट म्हणजे फायान्सच्या उघड्या मातीच्या तळाला वॅक्सचं तेल शोषलं जाऊन कायमचा डाग पडतो. मधे पॉलिएस्टर फिल्मची चकती घालावी. उंच फुलदाणीच्या पोटात वाळूची छोटी पिशवी ठेवतात ते ठीक, पण झिलईच्या आत केसासारखा तडा असेल तर ते वजन त्याला उघडतं. आधी टॉर्च आत घालून बघायचं. पोर्सेलिनवर बोटाने टिचकी मारून ‘ठण्ण’ आवाज ऐकायची हौस अनेकांना असते. जुनी डागडुजी असलेल्या वस्तूवर ती हौस महागात पडते.

दिवे एलईडीच. भाजलेल्या मातीला उजेडाने काही होत नाही, पण जुन्या डागडुजीतलं इपॉक्सी आणि वरचा रंग पिवळा पडतो. त्यासाठीच माल घेताना अतिनील टॉर्चखाली बघून ठेवायचं: झिलई एका रंगाने, दुरुस्ती दुसऱ्याच रंगाने चमकते. मेळ्यात पांढरा उजेड दोन कोनांतून द्यावा, एक समोरून आणि एक तिरका. फक्त वरून दिवा मारला तर फायान्सची झिलई लखलख करते आणि नक्षी दिसत नाही.

मुंबईच्या हवेचं फार मनावर घेण्याचं कारण नाही, पण तीन ठिकाणी घ्यावं. थंड कार्गोतून आलेली पेटी सहार विमानतळाहून टेम्पोत, तिथून दमट मैदानावर येते. ती लगेच उघडली तर थंड वस्तूवर बाष्प धरतं आणि जुन्या सरसाने जोडलेले सांधे सुटतात. पेटी चोवीस तास बंदच ठेवावी, शक्यतो एसी असलेल्या खोलीत. दुसरं, जुन्या काळी टाके घालून जोडलेल्या बशा: टाका लोखंडी असेल तर समुद्राच्या हवेत तो गंजतो, फुगतो आणि भोवतीची झिलई उडवतो. टाका काढू नका, फक्त बशी काचेआड सिलिका जेलबरोबर ठेवा. तिसरं आणि सगळ्यात मोठं, ब्लीच. जुनी फायान्स उजळावी म्हणून कधीतरी कुणी ब्लीचमध्ये बुडवलेली असते. क्षार मातीत राहतात, हवेतला दमटपणा वरखाली झाला की स्फटिक होऊन बाहेर ढकलतात, आणि झिलईखाली पांढरी पावडर दिसायला लागते. अशी बशी मेळ्यात आणूच नये. घरी कुणी ब्लीचचा सल्ला दिला तर त्यांना हे सांगा.

पेट्या दुहेरी: बाहेर प्लायची, आत दुसरी, मधे चारही बाजूंनी निदान पाच सेंटीमीटर पॉलिथीन फोम. बबल रॅप थेट वस्तूला लागू द्यायचा नाही. उकाड्यात त्याच्या गोलांचे ठसे सोन्यावर आणि रंगवलेल्या दुरुस्तीवर उमटतात. आधी ॲसिडमुक्त टिश्यू, मग बाकीचं. झाकण नेहमी वेगळं गुंडाळायचं, भांड्यावर ठेवून नाही. बशा उभ्या, काठावर. एकावर एक आडव्या ठेवल्या तर खालचीवर सगळ्यांचा भार येतो. आतल्या पेटीवर वस्तूचा फोटो चिकटवावा, नावाची यादी नाही, कारण उघडणाऱ्या माणसाला ‘सुकूप’ म्हणजे कपाखालची बशी हे माहीत असण्याची गरज नाही.

हाताळणीचं थोडक्यात. कॉटनचे हातमोजे झिलईवर सरकतात, ते नकोत. झिलईच्या वस्तूला धुऊन कोरडे केलेले हात चालतात. सोन्याला आणि झिलई नसलेल्या पांढऱ्या बिस्किट पुतळ्यांना नायट्राइल मोजे लागतातच, कारण मुंबईच्या घामाचा ठसा बिस्किटवर जातो तो निघत नाही. धूळ रोज मऊ ब्रशने, ओल्या फडक्याने नाही. शेजारच्या स्टॉलच्या कापाकापीतला प्लायचा भुसा सगळ्यात चिवट. तो ओला झाला की झिलईच्या जाळीत जाऊन बसतो. कानाला किंवा टोटीला धरून काहीही उचलायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि मोडतोड तरीही तिथेच होते.

एक गिऱ्हाईक हमखास येतं: ‘आमच्या घरी लिमोजचा सेट आहे, आजीचा.’ लिमोज हे शहर आहे, कारखान्याचं नाव नाही. तिथे बरेच कारखाने होते. तळाला दोन खुणा असतील तर झिलईखालची, बहुधा हिरवी, कोरं भांडं करणाऱ्या कारखान्याची आणि झिलईवरची नक्षी करणाऱ्याची. तळाला ‘फ्रान्स’ हा शब्द छापलेला असेल तर वस्तू बहुधा १८९१नंतरची, कारण अमेरिकेच्या १८९०च्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. सेट उत्तम असू शकतो, जेवायला तर निश्चितच. आजीबद्दल चांगलं बोलून त्यांना तळाचा फोटो पाठवायला सांगावं.

कायद्याचं थोडं. १९७२च्या पुरावशेष कायद्यात वस्तू भारतीय असल्याची अट नाही; १०० वर्षांहून जुनी कलावस्तू त्यात येऊ शकते, आणि तिची निर्यात खासगी माणसाला करता येत नाही. म्हणून फक्त प्रदर्शनासाठी आणलेला माल एटीए कार्नेटवर, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या परवान्यावर आणावा, कागदावरचा प्रत्येक नग, माप आणि फोटो प्रत्यक्षाशी जुळवून. मुंबईत विकत घेणाऱ्याला आधीच सांगावं, की ही बशी उद्या लंडनच्या मुलीला द्यायची म्हटलं तर पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला विचारावं लागेल. कस्टमच्या ९७०६ या शीर्षकाखाली आता २५० वर्षांहून जुना माल वेगळ्या रकान्यात जातो, त्यामुळे सँ-क्लूचा कप आणि नेपोलियनच्या काळातला सेव्रचा कप एकाच ओळीत लिहिता येत नाहीत. कस्टम एजंटला हे आठवण करून द्यावं लागतं.

मोडतोडीचा धोका सगळ्यात जास्त असतो तो मेळ्याच्या शेवटच्या रात्री. नऊला दरवाजे बंद होतात, साडेनऊला शेजारी भिंती सोडायला लागतात, टेम्पोवाला गेटवरून फोन करत असतो. मांडणीचा क्रम उलटा लावायचा: भिंतीवरच्या बशा सगळ्यात आधी उतरवून पेटीत, मग उंच फुलदाण्या, मग बाकीचं. पेडेस्टल रिकामं झाल्याशिवाय वाळूची गोणी काढायची नाही. आणि पेट्यांना स्क्रू मारण्याआधी एक माणूस फक्त झाकणं मोजतो. झाकणं जितकी आणली तितकी पेट्यांत आहेत असं त्याने म्हटल्यावरच टेम्पो हलतो.